ब्रेक होईपर्यंत

रविवार, ३ जानेवारी १९८८

मेव्हणा आला आणि सायकल घेऊन आला. साधी सायकल नव्हे. रघू बोटीवर कामाला असतो. जपानच्या कुठल्याशा बंदरात त्यांचा चीफ इंजिनिअर ही टाकून देत होता, ती यानं मागून घेतली. मुंबईपासून आमच्या मांडवीपर्यंत तिचा प्रवास एस.टी.च्या टपावर, कुणाच्या तरी लग्नाच्या कपाटाखाली झाला.

"डोंगर चढायची सायकल हाय ही, भावोजी," रघू म्हणाला.

टायर धामणीसारखे जाड. मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही, कॅरियर नाही. मी विचारलं, "मग आहे काय?" तो म्हणाला, "ब्रेक. ब्रेक झकास हायत."

मी मागचं चाक उचलून फिरवलं. ते ठीक होतं. पुढचं फिरवलं. खस्स्. पुन्हा खस्स्. प्रत्येक फेरीला एकदा, बरोबर समेवर आल्यासारखं. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी हात, हातात रबराचा तुकडा, आणि रबर व रिम यांच्यात बोटाच्या नखाएवढी फट हवी. इथं एका बाजूला फट होती, दुसऱ्या बाजूला नव्हती.

राहीनं पदर खोचला आणि विचारलं, "मी बसून बघू?"

"आधी ब्रेक होऊ दे," मी म्हटलं.

"ताय, तुझ्यासाठीच तर आणली," रघू म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. राही चहा टाकायला आत गेली.

मंगळवार, ५ जानेवारी

रघू बोटीवर परत गेला. जाताना बहिणीला अंगणात काहीतरी बराच वेळ समजावत होता. मला एवढंच ऐकू आलं: "पुढचा एकदम दाबायचा नाय. माणूस हँडलावरून जातो." मला का नाही सांगितलं, कोण जाणे. सायकल दुरुस्त मी करणार आहे.

कोर्टात दिवसभर टाइपरायटर बडवून आल्यावर सायकल ओटीवर उलटी उभी केली, हँडल आणि सीटवर. चाक फिरवून रिमच्या जवळ खडू धरला. जिथं रिम बाहेर आली होती तिथंच खडूची रेघ उमटली. चाकात आऊट आहे. लग्नाचं कपाट.

आऊट काढायचं म्हणजे तारा आवळायच्या आणि सोडायच्या. माझ्या हिशेबानं हे पखवाजाच्या वाद्या ओढण्यासारखंच आहे. भजनी मंडळात इतकी वर्षं पखवाज मीच लावतो. जमेल.

शनिवार, ९ जानेवारी

जमत नाही. एक तार आवळली की रिम दुसरीकडे पळते. शेजारचा सदू बर्फाच्या कारखान्यातून पाळी संपवून येताना फाटकाशी थांबला. "महिपतराव, सायकल शिकताय की सायकलीला शिकवताय?"

मी पाना फिरवत राहिलो. सदूकडे स्वतःची काळी, जुनी, कांबीच्या ब्रेकची सायकल आहे. तिचा ब्रेक लागला की सगळ्या आळीला कळतं. अशा माणसाशी काय बोलायचं?

रविवार, १० जानेवारी

झालं! एकावेळी पाव फेराच आवळायचं, ही युक्ती आज सकाळी सुचली. दुपारपर्यंत आऊट गेलं. मग दोन्ही बाजूंना रबर आणि रिम यांच्यात एकेक जुनं पोस्टकार्ड सरकवलं, ब्रेक दाबून धरला, रबराचे बोल्ट आवळले, पोस्टकार्डं काढली. दोन्हीकडे सारखी फट. चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं आणि आवाज म्हणून नाही. मी राहीला बाहेर बोलावून ऐकवलं.

"काय ऐकू?" ती म्हणाली. "आवाज तर येत नाय."

"तेच ऐक."

तिनं विचारलं, "मग आता झाला का ब्रेक?" मी म्हटलं, दोन दिवस बसू दे, रबर बसायला वेळ लागतो.

सोमवार, ११ जानेवारी

सकाळी कोर्टात जाण्याआधी सहज चाक फिरवलं. खस्स्.

हँडलाजवळ ब्रेकच्या तारेला एक दातेरी चकती असते, ती हातानं फिरवली की तार ताणली जाते. ती चांगली तीन फेरे फिरलेली होती. शिवाय सीट चार बोटं खाली आली होती आणि साखळीत वाळू होती. जपानी माल आपल्या हवेत टिकत नाही, एवढाच याचा अर्थ. समुद्राचा वारा काय करील सांगता येत नाही.

चकती सैल केली. सीट वर घेतली. वाळू पुसली.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. राहीचा गुडघा सोलवटला आहे आणि कोपरावर निळा डाग आहे. विहिरीशी घसरले म्हणाली. हल्ली ती फार धडपडते. गेल्या आठवड्यातही हात खरचटला होता. चष्म्याचा नंबर काढून आणायला हवा.

ब्रेक पुन्हा घट्ट. सीट पुन्हा खाली. मी पुन्हा दोन्ही सारखं केलं.

शनिवार, १६ जानेवारी

येसूबाई भल्या पहाटे मासे घ्यायला मिरकरवाड्याला जाते आणि टोपली घेऊन सकाळी आमच्या दारात येते. आज बांगडे देताना म्हणाली, "तुमची सायकल बरी पळते हां. वाऱ्यागत." मी आजवर त्या सायकलवर बसलेलोसुद्धा नाही. या बायकांचे टोमणे फार झोंबरे असतात.

राहीनं तिला दोन बांगडे जास्तच घ्यायचे कबूल केले आणि घाईनं वाटेला लावलं. माझी बाजू घेतली, बरं वाटलं.

कोर्टातला सखाराम रोज विचारतो, "मग, कधी बसणार?" मी सांगतो, ब्रेक झाल्यावर. ब्रेक नीट नसलेल्या सायकलवर बसणं हा शहाणपणा नव्हे. आपल्या गावात सपाट रस्ता असा आहेच किती? घरातून निघालं की चढ, चढ संपला की उतार. चढाचं मला काही नाही.

मंगळवार, १९ जानेवारी

आता मला खात्री झाली आहे की हा वारा नव्हे. कुणीतरी मुद्दाम करतंय. काल मी चकतीवर खडूची खूण केली होती, ती आज फिरून पार खाली गेली होती. सदूशिवाय कोण असणार? त्याला माझं काम बघवत नाही.

साखळी आणि कुलूप आणलं. किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला.

बुधवार, २० जानेवारी

कुलूप जागच्या जागी. ब्रेक घट्ट. म्हणजे सदूला किल्लीची जागासुद्धा माहीत!

राहीला विचारलं, "पहाटे काही आवाज ऐकलास?"

"पहाटेची मी असते कुटं घरात?" ती म्हणाली.

खरंच आहे. ती दुधाला जाते. दूध आणायला तिला हल्ली बराच वेळ लागतो, गवळ्याकडे रांग असणार. मग ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही इतका सैल ठेवता की सायकल थांबतच नसेल. म्हणून कोणतरी आवळत असेल."

यातलं तिला काही कळत नाही, पण कल्पना मोठी गमतीची आहे. सदूला काय पडलंय माझी सायकल थांबते की नाही याचं?

रविवार, २४ जानेवारी

सदूशी भांडलो. नीट भांडलोही नाही. फाटकाशी जाऊन म्हटलं, "माझ्या ब्रेकला हात लावायचा नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाय लावणार, महिपतराव. मी कोणाच्या ब्रेकला हात लावत नाय." आणि हसत घरात गेला. असल्या माणसाशी भांडणंही जमत नाही.

माझा पट्ट्यापट्ट्यांचा जुना पायजमा धुण्यात सापडला. उजव्या पायाच्या घोट्याशी काळं तेल. मी तो गेल्या दिवाळीपासून घातलेला नाही. राही म्हणाली, "फडकं म्हणून घेतला असेल तुम्हीच." असेल.

शुक्रवार, २९ जानेवारी

विचार केला. आऊट नाही, फट सारखी आहे, तरी घट्ट केल्यावर घासतो. म्हणजे दोष रबरात. जुन्या रबरावर चकाकी येते आणि वाळूचे कण त्यात रुतून बसतात. ते काढून काचकागदानं घासायला हवेत.

राही हल्ली जेवताना गुणगुणते. परवा तिनं विचारलं, "मी कुटं नोकरी केली तर?" मी म्हटलं, "कर की." दुसरं काय म्हणणार? मांडवीत नोकऱ्या कुठे ठेवल्यात?

शनिवार, ६ फेब्रुवारी

संध्याकाळी पुढचे दोन्ही रबर सोडवले. दिवेलागण झाली म्हणून घासायचं काम उद्यावर टाकलं. रबर हरवू नयेत म्हणून शर्टाच्या खिशात ठेवले. सायकल सुलटी करून ओटीवर टेकवली. लांबून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

राही तेव्हा सदूच्या बायकोकडे गेली होती. आल्यावर तिनं लवकर जेवायला वाढलं. उद्या पावसला आईकडे जाऊन येते म्हणाली. मी म्हटलं, पहिल्या गाडीनं जा, गर्दी नसते. ती "हं" म्हणाली.

रविवार, ७ फेब्रुवारी

आज घडलं ते सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी उठलो. राही गेलेली. ओटीवर आलो. सायकल गेलेली.

सदूच्या घरात डोकावलो तर तो पाळीवरून येऊन घोरत होता. काळी सायकल त्याच्या अंगणात. म्हणजे सदू नव्हे. तसाच पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी शांतपणे विचारलं, "रंग?"

"निळा."

"काय खूण?"

"मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँड नाही. आणि पुढचा ब्रेक..." मी खिशात हात घातला. दोन्ही रबर हाताला लागले. मी ते टेबलावर ठेवले.

हवालदारांनी रबरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे चोरानं नेली ती बिनब्रेकची?"

"मागचा आहे."

"तो कुठं उतारावरनं गेला तर मरंल की हो."

हे मला सुचलंच नव्हतं. क्षणापूर्वी त्या माणसाच्या हातात बेड्या पडाव्यात असं वाटत होतं, आणि आता त्याचीच काळजी वाटायला लागली. चोर झाला म्हणून काय झालं? भाट्याच्या पुलाकडे नाहीतर किल्ल्याच्या बाजूला गेला असला, पुढचा ब्रेक दाबला असला आणि हाताला काहीच लागलं नसलं तर? मी रबर उचलले आणि तक्रार न लिहिताच बाहेर पडलो. हवालदार मागून "अहो, नाव तरी" असं काहीतरी ओरडत होते.

आळीच्या तोंडाशी येसूबाई. मी विचारलं, "आमची सायकल घेऊन कोणाला जाताना पाहिलंस?"

"कोणाला म्हंजे? राहीला." तिनं टोपली खाली ठेवली. "रोजच तर जाते. आधी आधी पुळणीच्या वाळूत पडायची बिचारी, आता वाऱ्यागत जाते. आज तुमचा तो पट्ट्यांचा पायजमा घालून पावसच्या रस्त्याला लागलेली बघितली मी. साडी पिशवीत."

मी पाना आणायला घरात धावलो. मग सदूला हलवून उठवलं आणि म्हटलं, "तुझी सायकल दे."

"घ्या," तो डोळे न उघडता म्हणाला. "पण ब्रेकला हात लावू नका."

पुलापर्यंत मी कसा गेलो, मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत सायकलला पाय लावला नव्हता, पण पाय विसरले नव्हते. पुलापलीकडे सुरूची झाडं संपली की चढ लागतो. तिथं उतरून सायकल ढकलत धावलो. प्रत्येक वळणाला वाटे, आता या वळणावर दिसेल. कशी दिसेल ते डोळ्यांपुढे आणायचं नाही असं ठरवलं की तेच डोळ्यांपुढे येई. सड्यावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना नुसता जांभा आणि वाळकं गवत. मी पायडल मारत होतो आणि मोठ्यानं तिचं नाव घेत होतो. एक गुराखी उभा राहून बघत राहिला.

पावसकडे रस्ता उतरायला लागतो तिथं काजूचं झाड आहे. झाडाखाली सायकल आडवी, आणि तिच्या शेजारी दगडी गडग्यावर माझा पायजमा घातलेली माझी बायको. कोपर सोललेलं. वरून माझाच शर्ट.

मला पाहून ती उठून उभी राहिली. घाबरली असेल, रडेल, असं मला वाटलं होतं.

"ब्रेक कुठाय?" ती म्हणाली.

"माझ्या खिशात."

"खिशात!" ती ओरडली. "अहो, मागच्या उतारावर दोन्ही दाबले तर पुढं काहीच नाय! गडग्यात घातली म्हणून वाचले, नि तिथनं इथवर ढकलत आणली. खिशात काय ब्रेक ठेवतात?"

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, ब्रेक होऊ दे." तिनं घाम पुसला. "तो ब्रेक होईना. मग मी म्हटलं, होईपर्यंत शिकून तरी घेऊ."

मला राग आला होता. पण कुणाचा, ते काही केल्या ठरेना. मी गडग्यावर बसलो. मग तिनं सगळं सांगितलं. पावसच्या महिला मंडळाला बालवाडीसाठी बाई हवी आहे. बालवाडी वरच्या वाडीत भरते. तिथं एस.टी. जात नाही, आणि पावसची पहिली गाडी पोचेपर्यंत पोरं येऊन बसलेली असतात. मंडळाच्या बायका फक्त रविवारी जमतात, म्हणून आज बोलावलं होतं. सायकल रघूनं खरंच तिच्यासाठी आणली होती.

"आता पायी उतरले तरी वेळेवर पोचत नाय," ती म्हणाली. "जाऊ दे. फिरू या मागं."

हे ती इतक्या हळू म्हणाली की मी उठलोच.

सायकल उलटी केली. काचकागद नव्हता, तिथलाच जांभ्याचा खडबडीत तुकडा घेऊन दोन्ही रबर घासले, चकाकी गेली. रबर बसवले. फट धरायला पोस्टकार्ड नव्हतं, म्हणून राहीनं काजूची दोन पानं तोडून दिली. एक या बाजूला, एक त्या बाजूला. "दाब ब्रेक," मी म्हटलं, तिनं दाबून धरला, मी बोल्ट आवळले. पानं ओढून काढली. चाक फिरवलं. आवाज नाही. मग तिला म्हटलं, "आता चकती तुला हवी तेवढी फिरव." तिनं फिरवली, दाबून पाहिलं, अजून थोडी फिरवली. तरीही आवाज नाही. महिनाभर आम्ही दोघांनी आपापल्या वेळी आपापल्या बाजूनं केलं ते काम एकत्र केल्यावर अर्ध्या घटकेत झालं.

ती बसली, पिशवी पाठीला अडकवली आणि निघाली. मला वाटलं होतं, हळूहळू जाईल. पहिल्या वळणापर्यंत पायजमा फडफडताना दिसला, वळणावर दोन्ही ब्रेक हलके लागले, सायकल वाकली, सरळ झाली आणि झाडांत दिसेनाशी झाली. तिला असं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी तिथंच टाळी वाजवली. मग आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं.

उतार मी चालत उतरलो, सदूची सायकल हातात धरून. हे इथं लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

सासूबाईंकडे पोचलो तर राही साडी नेसून मंडळाकडे गेलेली. सासूबाईंनी पेज वाढली. "जावयबापू, तुम्ही सायकल ढकलत आलात, नि पोरगी बसून आली. पंक्चर काय?"

"होय," मी म्हटलं.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

राहीला बालवाडीचं काम मिळालं. एक तारखेपासून. तिनं सांगितलं तेव्हा मी आमटीचं वाडगं ओठाशी धरलं होतं, ते तसंच धरून राहिलो. मग म्हटलं, "पायजमा घालून पोरांसमोर कशी जाणार?" ती म्हणाली, "दोन नवे शिवायला टाकलेत. तुमचे ढगळ होतात."

सदूला त्याची सायकल परत केली तेव्हा क्षमा मागितली. तो म्हणाला, "अहो, मला पहिल्या दिवसापासून म्हाईत होतं. पण बायकोनं शप्पत घातलेली."

म्हणजे आळीत कोणाला माहीत नव्हतं ते फक्त मला.

बुधवार, १७ फेब्रुवारी

कोर्टात सखारामनं विचारलं, "ब्रेक झाला का?" झाला म्हटलं. "मग बसलात?" मी कागद मशीनला लावला.

घरी आलो तर राही चाकाला तेल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "उताराची भीती वाटते काय हो तुम्हाला?"

मी म्हटलं, भीती कसली. मागच्या ब्रेकच्या स्प्रिंगमध्ये अजून थोडा फरक वाटतो.

ती तेल घालत राहिली. थोड्या वेळानं मीच म्हटलं, "वाटते."

रविवार, २१ फेब्रुवारी

पहाटे राहीनं उठवलं. काजूच्या झाडापर्यंत जाताना ती सदूच्या सायकलवर आणि मी जपानी सायकलवर. चढावर मी पुढे होतो, हे नमूद करतो.

उताराच्या तोंडाशी थांबलो. खाली माडांचे शेंडे, त्यापलीकडे समुद्राची पट्टी. आंब्यांना मोहोर आला आहे, त्याचा वास वरपर्यंत येत होता. मी उतरून पुढचं चाक तपासलं. मागचं तपासलं. पाना काढला.

"ब्रेक बरोबर हाय," राही म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"तुम्ही केलाय ना? मी त्याच्यावर रोज जाते."

पाना खिशात ठेवला. बसलो. दोन्ही ब्रेक मुठीत आवळून निघालो. सायकल एकेक वीत पुढे सरकत होती, मुंगीनं मागे टाकलं असतं. राही खाली पहिल्या वळणावर जाऊन थांबली आणि तिथून तोंडाशी हात धरून ओरडली, "अहो, ब्रेक सोडा की आता!"

एक बोट सोडलं. मग दुसरं. मग सगळी.

पुढचं नीट आठवत नाही. वारा कानांत, शर्ट फुगलेला, राहीचं तोंड एकदा डाव्या बाजूनं सर्रकन गेलं. वळणावर हात आपोआप आवळले, सायकलनं ऐकलं, आणि मी पुन्हा सोडले. खाली पावसच्या पहिल्या घरापाशी थांबलो तेव्हा घसा बसला होता. म्हणजे मी वाटभर ओरडत होतो.

काय ओरडत होतो ते राहीला दोनदा विचारलं. ती सांगत नाही. नुसती हसत बसते. आत्ताही स्वयंपाकघरात एकटीच हसते आहे.